उसना रंग

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात छापील काहीही आले, मग ते विजेचे बिल असो की बँकेचा कागद, आई म्हणणार, "धाकटीला दाखवा, ती वाचून सांगेल." या मानाचा मला मोठा अभिमान होता. तो कसा उतरला, तेच आज सांगायचे आहे.

ताईला दोन ठिकाणांहून नकार आला होता. कारण तोंडावर कुणी सांगितले नाही, पण मध्यस्थ मागाहून हळूच म्हणाले, "मुलगी कामाची आहे हो, पण रंगाने जरा डावी." काळ्या विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवणारी आपली माणसे, सून मात्र त्यांना गोरी लागते! शेजारच्या वहिनींनी एका मलमाचे नाव सुचवले. ताईने तालुक्याहून ती ट्यूब आणली. दुकानदाराने डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही. घरी येताच तिने ट्यूब माझ्या हातात दिली. "वाच गं, चांगलं आहे ना?" बारीक इंग्रजी अक्षरे, एक उभी तांबडी रेघ... मी वरवर नजर फिरवली आणि म्हणाले, "ठीक आहे, लाव."

पंधरा दिवसांत ताईचा चेहरा खरोखरच उजळला. आईने देवापुढे साखर ठेवली. पण तीन-चार महिन्यांनी मलम एक दिवस जरी चुकले, तरी चेहरा लालबुंद होऊन आग होऊ लागली. गालांवर पुटकुळ्या आल्या, हनुवटीवर लव वाढली. उन्हात खुरपायला बसवेना. अखेर सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी ट्यूब उलटसुलट पाहिली आणि विचारले, "घरात कुणी शिकलेलं नाही का?"

मी मान खाली घातली.

त्या मलमात स्टेरॉइड होते. काही त्वचारोगांवर, थोडेच दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावायचे औषध! त्याने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण कातडी पातळ होत जाते आणि औषध थांबताच त्याच वाहिन्या फुगून येतात. ती तांबडी रेघ म्हणजे 'चिठ्ठीशिवाय विकू नये' याची खूण. २०१८ साली सरकारने अशी १४ स्टेरॉइडे असलेली मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. नियम होता, खूण होती, वाचणारी मीही होते. फक्त वाचले नव्हते.

मग मी आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात बसून या विषयावर मिळेल ते वाचू लागले. त्यात एक नवलाची गोष्ट सापडली. युरोप-अमेरिकेत गोऱ्या मुली पैसे मोजून दिव्यांच्या पेटीत झोपतात. कशासाठी, तर अंग सावळे व्हावे म्हणून! आधी मला हसू आले, पण पुढे वाचताना ते मावळले. त्या दिव्यांच्या अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशींना इजा होते आणि पुढची इजा टाळण्यासाठी त्वचा मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करते. म्हणजे तो सावळेपणा हे जखमेनंतर घाईने उभारलेले छत्र, आणि तेही तोकडेच. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या पेट्यांना तंबाखूच्याच गटात, माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या गोष्टींत बसवले. त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठी त्यांचा वापर बंद केला.

पुस्तक मिटले आणि ताईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. ज्या छत्रासाठी त्या मुली अंग भाजून घेतात, ते ताईला जन्मतःच मिळाले होते. ते फाडायला आम्ही पैसे मोजले! तिकडे काय आणि इकडे काय, रंग उसनाच. आणि उसन्याचे व्याज किती चढते, हे शेतकऱ्याच्या मुलीला कुणी शिकवायला नको.

ताईचा चेहरा आता हळूहळू निवळतो आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळ लागेल. परवा तिसऱ्या स्थळाचा निरोप आला. आईने सवयीने पावडरचा डबा पुढे केला. ताईने तो शांतपणे फळीवर ठेवला आणि म्हणाली, "त्यांना आधीच कळवा, मुलगी सावळी आहे."

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरी वाचणारी आपण एकटीच असतो. तेव्हा ट्यूब हातात आली, तर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. घर आपल्या शब्दावर विसंबलेले असते.