मोटारीचा दमा

नागपुरांत आतां दारोदार मोटारी उभ्या असतात, आणि त्यांपैकीं अनेकींना 'टर्बो' नामक एक उपांग जोडलेलें असतें. ज्या वाचकांच्या घरीं अशी गाडी असेल त्यांनीं या उपांगाच्या एका विकाराची ओळख करून घ्यावी, असें आम्हांस वाटतें; कारण विकार लहान, आणि त्यापायीं सांगितला जाणारा खर्च मात्र मोठा.

आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानें 1905 सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त वायु वायां न दवडतां त्यानें एक चक्र फिरवावें, आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्रानें बाहेरची हवा दाबून इंजिनास पाजावी, अशी ती योजना. मोटारींतलें हें चक्र मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतें! दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलर नांवाच्या जाळींतून निववून पुढें धाडतात. हा सारा मार्ग रबरी नळ्यांनीं व क्लिपांनीं सांधलेला असतो, आणि गळती लागते ती बहुधा या सांध्यांतच. आंतून तेलाचा अंश, बाहेरून इंजिनाची धग, वर आमच्या वैशाखांतलें पंचेचाळीस अंशांचें ऊन. रबर किती काळ तग धरणार?

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या चिरंजीवांची दहा वर्षांची डिझेल गाडी चिखलदऱ्याच्या चढावर धापा टाकूं लागली. मागें काळा धूर, पुढें सूं सूं असा आवाज. परततांना परतवाड्याच्या रस्त्यावर एका ट्रकास ओलांडीत असतां तिचा जोर मध्येंच सरला, आणि समोरून एस. टी. आली. मागें नातवंडें बसलीं होतीं. त्या क्षणाविषयीं अधिक लिहवत नाहीं.

नागपुरास आल्यावर दुरुस्तीच्या एका कारखान्यांत 'टर्बो गेला, बदलावा लागेल' असा निकाल मिळाला. घरांत सगळेच गप्प झाले. तेवढी रक्कम नातीच्या महाविद्यालयाच्या शुल्कासाठीं ठेविलेली होती.

धुरावरून अग्नीचें अनुमान नैयायिकांनीं निर्दोष मानलें आहे. परंतु काळ्या धुरावरून टर्बो नष्ट झाल्याचें अनुमान करणें हा शुद्ध अनैकान्तिक हेत्वाभास होय. इंधन पुरतें जळलें नाहीं, एवढेंच तो धूर सांगतो. मग हवेची गाळणी तुंबलेली असो, इंजेक्टर बिघडलेला असो, वा दाबलेली हवा वाटेंतच निसटत असो.

म्हणून वाडीस ट्रकांचीं कामें करणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गाडी नेली. त्यानें इंजिन निवूं दिलें, गाळणीकडील नळी काढून टर्बोच्या तोंडास बूच बसविलें आणि पंपाची हवा बेताबेतानें आंत सोडली. दाब चौरस इंचास 15 पौंडांपलीकडे त्यानें जाऊं दिला नाहीं; जास्त झाल्यास चांगल्या नळ्याही निखळतात, आणि बूच उडून माणसास लागतें. मग प्रत्येक सांध्यावर साबणाचें पाणी. इंटरकूलरच्या खालच्या नळीवर, क्लिपेच्या अगदीं कडेस, फेस उठला.

"गुरुजी, टर्बो बदलून काय होईल जी? हवा तर इथून चालली," तो म्हणाला.

चिकटपट्टी गुंडाळून भागेल काय, असें चिरंजीवांनीं विचारलें. त्यानें मान हलविली. दाब व तेल यांपुढें ती टिकत नाहीं. नवी नळी आणवून त्यानें धातूच्या तोंडावरील तेल पुसलें, क्लिप तेथील उंचवट्याच्या मागें बसविली आणि बेतानें आवळली. फार आवळल्यास रबर कापतें. नंतर पुन्हां तोच दाब, तेंच साबणपाणी. ही दुसरी परीक्षा घेणारा कारागीर आम्हीं फार क्वचित् पाहिला आहे. नातीचें शुल्क जागचें हललें नाहीं.

एप्रिल 2020 नंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी धरणारी गाळणी असते. त्यांच्या मागें काळा धूर सहसा दिसत नाहीं, आणि गळतीनें ती गाळणीच लौकर तुंबते. तेथें कान उघडे ठेवावे. गळती टर्बोच्या अलीकडे, हवेच्या गाळणीच्या बाजूस असेल, तर रस्त्याची धूळ न गाळतां आंत ओढली जाते, आणि टर्बोचीं पातीं झिजवूं लागते. त्या बाजूची नळीही तेवढ्याच काळजीनें तपासून घ्यावी.