अमेंदुईं आणि अमेंदुआ

लिस्बनच्या जुन्या वस्तीतील एखाद्या लहानशा खानावळीत बसलेल्या मराठी कुटुंबाला भोवतीची पोर्तुगीज भाषा प्रथम तितकीशी परकी वाटत नाही. बटाटा तेथेही जवळजवळ बटाटाच असतो, पावाचा उच्चार थोडा नाकात होतो, काजूही ओळखू येतो. हे शब्द पोर्तुगीजांच्याच जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरले. मात्र सोबतच्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल, तर या ओळखीवर विसंबणे धोक्याचे ठरते.

शेंगदाण्याला तेथे ‘अमेंदुईं’ म्हणतात आणि बदामाला ‘अमेंदुआ’. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. त्याचे नाव ब्राझीलमधील तुपी भाषेतून आले आणि बदामाच्या नावाच्या वळणावर गेले. बोलणाऱ्याची जीभ शेवटच्या अक्षरावर किंचित घसरली, की वाढपी मोठ्या आस्थेने बदाम टाळतो आणि शेंगदाणा पानात तसाच राहतो. ‘सुकामेवा नको’ या अर्थी ‘फ्रूतुश सेकुश’ म्हणूनही भागत नाही. त्यात शेंगदाणा कोणी धरतो, कोणी धरत नाही. तेव्हा नाव शेंगदाण्याचेच घ्यावे आणि कागदावर लिहून दाखवावे.

शाकाहारी कुटुंबापुढे आणखी एक अडचण असते. मांस नको, मासे नको, अंडे नको, कांदा-लसूण नको, अशी लांबलचक यादी सांगून झाल्यावर शेवटी शेंगदाण्याचे नाव आले, तर ऐकणारा त्यालाही आवडीनिवडीतच जमा करतो. (नुसते ‘मांस नको’ म्हटल्यावर तेथे मासे पुढे येऊ शकतात, हे वेगळेच.) नियमाने सोडलेले अन्न आणि जिवावर बेतणारे अन्न यांतील भेद आपल्या घरात सांगावा लागत नाही, परक्या स्वयंपाकघरात तो सांगावाच लागतो. म्हणून अ‍ॅलर्जीचे वाक्य सर्वांत आधी आणि एकटे उच्चारावे: ‘ऊ मेउ फील्यु ए अलेर्जिकु आ अमेंदुईं.’ माझ्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. मुलगी असेल तर ‘आ मिन्या फील्या ए अलेर्जिका’. पुढे ‘ए ग्राव’, म्हणजे ‘गंभीर आहे’, एवढे दोन शब्द जोडावेत. मग बाकीची यादी.

युरोपीय संघाच्या नियमानुसार डिसेंबर 2014 पासून खानावळींनाही 14 अ‍ॅलर्जीकारक पदार्थांची माहिती द्यावी लागते. विचारण्यात संकोचण्यासारखे काही नाही. या यादीत शेंगदाणा आणि कठीण कवचाची फळे वेगवेगळी मोजली आहेत. त्याच यादीत ल्युपिनचेही नाव आहे.

ल्युपिन म्हणजे पोर्तुगालमधील ‘त्रेमोसु’. मिठाच्या पाण्यात मुरवलेले हे पिवळे, चपटे दाणे बिअरबरोबर वाटीत घालून टेबलावर ठेवले जातात. शाकाहारी पाहुण्याला ते फार निर्धोक वाटतात. कडधान्यच ते, त्यात शंका कसली? पण ते शेंगदाण्याच्याच कुळातले आहे, आणि शेंगदाणा न सोसणाऱ्या काहींना त्याचीही अ‍ॅलर्जी होते.

खिशात इंजेक्शन असावे, 112 हा आपत्कालीन क्रमांक पाठ असावा. मेनूकार्ड येण्यापूर्वी त्रेमोसुची ती वाटी मुलाच्या हातापासून दूर सरकवावी.