चिठ्ठी नसलेली गिटार

१९ ऑक्टोबर, एर्लांगन

तिच्या पोटात चिठ्ठी नाही. कारागिरानं एक छोटा आरसा आणि दिवा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, तुम्हीच बघा. इंग्रजी 'एफ'च्या आकाराच्या भोकातून आत डोकावले. लाकूड खरवडल्याचे बारीक ओरखडे, तबलीला आतून चिकटवलेल्या दोन लांब पट्ट्या, सरसाचा वाळलेला एक ओघळ. नाव नाही, साल नाही. पेन्सिलीनं लिहिलेला ३७ हा आकडा, बस.

बुबेनरॉइट इथून सायकलनं वीस मिनिटांवर. इतकी वर्षं एर्लांगनमध्ये काढली, पण त्या गावात थांबण्याचं कारण कधी पडलं नव्हतं. कारागिराच्या घरामागच्या कार्यशाळेत सहा आर्चटॉप गिटारी टांगलेल्या होत्या. इथले जुने वादक त्यांना 'श्लागगिटारं' म्हणतात, म्हणजे ठोक्याची गिटार. वाजवायच्या कामावरूनच नाव पडलं आहे.

नेहमीच्या गिटारची तबली सपाट असते. हिची व्हायोलिनसारखी मधे फुगीर, कडेला उतरती. ती खरोखर कोरलेली आहे की प्लायवूड दाबून तसा आकार दिलाय, हे भोकाची कड बघून कळतं. वरच्या रेघा कडेवरून तशाच आत उतरलेल्या दिसल्या. प्लायवूड असतं तर खारी बिस्किटासारखे पापुद्रे दिसले असते. ही कोरलेलीच आहे: तबली स्प्रूसची, पाठ आणि बाजू मेपलच्या. एकाच ओंडक्याची फळी उभी चिरून, पुस्तक उघडावं तशी पसरून, मधोमध जोडलेली. पाठीवरचे मेपलचे पट्टे उजेडात फिरवले की पाण्यासारखे हलतात.

फक्त चार स्वर वाजवले आणि हात मागे घेतला. आठवडाभराची मुदत मागून आले.

२१ ऑक्टोबर

ऑफिसातून लवकर निघून पुन्हा बुबेनरॉइटला. गिटार बघायला नाही, गाव बघायला.

इथली वाद्यकला मूळची या गावची नाही. ती आली सीमेपलीकडच्या श्योनबाखहून. आज ते गाव चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याचं नाव लुबी. तिथं घरोघरी वाद्यांची कामं चालत. कुणी फक्त घोड्या करायचा, कुणी खुंट्या, कुणी व्हायोलिनचे माथे, कुणी गज. व्यापारी ते सगळं गोळा करून जगभर पाठवायचे. महायुद्ध संपलं आणि चेकोस्लोव्हाकियातल्या जर्मनभाषकांना देशाबाहेर काढलं गेलं. हातात मावेल तेवढ्या सामानासह ही माणसं फ्रँकोनियाच्या खेड्यापाड्यांत विखुरली. एकट्यानं यांचं चालणार नव्हतं. घोडी करणाऱ्याला माथा करणारा शेजारी हवाच. १९४९ मध्ये बुबेनरॉइटनं त्यांना एकत्र वसवायचं ठरवलं. जेमतेम चार-साडेचारशे वस्तीचं शेतकऱ्यांचं गाव, आणि त्यानं स्वतःपेक्षा कितीतरी मोठी वसाहत आपल्या कुशीत घेतली. हॉफ्नरचा कारखानाही तिथंच उभा राहिला. पॉल मॅकार्टनीनं १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा बेस याच गावात घडला.

वसाहतीतली घरं साधी, उतरत्या छपरांची. एका बागेत आजोबा पानं गोळा करत होते. मी उगीचच 'ग्र्यूस गॉट' म्हणाले, त्यांनीही म्हटलं.

मी मिरजेची आहे. ज्या गल्लीत सतारी घडतात तिथून रोज शाळेला जायचे. तंबोऱ्याचे भोपळे उन्हात मांडलेले असायचे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले. तूणीच्या लाकडाचा वास यायचा. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारं घडवणारे आणि पाजवणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे दिवस सरले तेव्हा त्या हातांनी वाद्यं धरली. आम्ही पोरं त्यांना चाचा म्हणायचो. सतारीवर पितळी पडदा बांधताना चाचा तोंडात दोरा धरायचे आणि आमच्याशी डोळ्यांनी बोलायचे. इथल्या माणसांनी गाव सोडलं पण धंदा धरून ठेवला, तिथल्यांनी गाव धरून धंदा बदलला. आज त्या घरांसमोरून चालताना मला सारखी आमचीच गल्ली दिसत होती.

२६ ऑक्टोबर

घेतली. एकोणीसशे युरो. माझ्या दोन महिन्यांच्या घरभाड्याहून जास्त, हे इथं लिहून ठेवते.

काय काय केलं ते कारागिरानं एका कागदावर लिहून दिलं आहे. सगळ्यात मोठं काम मानेचं. सत्तर वर्षं तारांचा ओढा सोसून मान पुढं झुकली होती. बाराव्या पडद्यापाशी तारा इतक्या उंच गेल्या होत्या की बोटानं दाबवेनात. सांध्यात वाफ सोडली की सरस मऊ होतो. मान काढून, सांधा तासून, योग्य कोनात परत बसवली, तीही सरसानंच. "आज मी आधुनिक गोंद वापरला, तर पन्नास वर्षांनी जो कुणी ही उघडेल त्याला ती फोडावी लागेल," असं तो म्हणाला. आपण मेल्यावर येणाऱ्या कारागिराची सोय बघून काम करणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

एफ-भोकाच्या खालच्या टोकाला चीर होती. ती जुळवून आतून लाकडाच्या तीन टिकल्या लावल्या आहेत. पडदे नवे. कडेची सेल्युलॉइडची पट्टी एका बाजूनं भुगा होऊन गळत होती. सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्याच्या वाफेनं जवळचा धातूही गंजतो, म्हणून ती पूर्ण बदलली. खुंट्या मूळच्याच, साफ करून वंगण घातलेल्या.

आणि एक गोष्ट त्यानं मुद्दाम केली नाही. वरच्या कडेला, उजवा हात टेकतो तिथं, पॉलिश उडून लाकूड उघडं पडलंय. तळहाताएवढी जागा. कुणीतरी वर्षानुवर्षं तिथं हात टेकवून वाजवलंय. माझा हात नेमका त्याच जागी पडतो.

२ नोव्हेंबर

आठवडाभर फक्त ऐकते आहे.

सपाट तबलीच्या गिटारवर स्वर छेडला की तो पसरतो, रेंगाळतो. हिचा स्वर येतो आणि जातो. ताडकन् उमटतो, मधल्या पट्टीत ठाम उभा राहतो आणि मिटतो. पहिले दोन दिवस मला ते खटकलं. तंबोऱ्याच्या जवारीवर वाढलेला कान, त्याला हे तुटक वाटणारच. मग लक्षात आलं की ही रचनाच तशी आहे. सपाट गिटारची घोडी तबलीला चिकटवलेली असते, तारा तिथंच अडकतात. हिची घोडी नुसती टेकवलेली. तारा तिच्यावरून जाऊन पार मागच्या कडेला, धातूच्या शेपटीत अडकतात. ओढा शेपटीवर, दाब तबलीवर. हात जेवढा मारेल तेवढा स्वर लगेच बाहेर पडतो, मागे काही शिल्लक ठेवत नाही.

असं वाद्य हवं होतं कुणाला? नाचाच्या वाद्यवृंदांना. पितळी वाद्यांच्या गर्दीत गिटार ऐकूच यायची नाही, म्हणून तिथं बँजो असायचा. अमेरिकेत कालामाझूच्या गिब्सन कारखान्यात लॉइड लोअरच्या देखरेखीखाली १९२२ मध्ये एल-५ निघाली, एफ-भोकांची गिटार. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बँजोची खुर्ची गिटारनं घेतली. युद्धानंतर जर्मनीत अमेरिकन सैन्य आलं, त्यांचे क्लब आले, नाच आला, आणि श्योनबाखहून निघालेल्या सुतारांना काम मिळालं. ३७ आकड्याची ही गिटार त्याच मागणीतून जन्मली असणार.

५ नोव्हेंबर

आईचा फोन. गिटार दाखवली.
"सतारीसारखी दिसत नाही गं मुळीच."
"सतार नाहीच ती, आई."
"मग भोपळा कुठाय?"
पाठीची फुगवट दाखवली. तिनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "काम सुबक आहे हो. चाचांना दाखवायला हवं होतं."

त्यावरून बाबांची 'कॉल ऑफ द व्हॅली'ची तबकडी आठवली, १९६७ ची. शिवकुमार शर्मांचा संतूर आणि हरिप्रसादांची बासरी सगळ्यांच्या तोंडी, पण बाबा बोट उचलून सांगायचे, ही गिटार ऐक, ब्रिजभूषण काब्रा. पुढं विश्वमोहन भट्टांनी मोहनवीणा केली तीही आर्चटॉपवरूनच, तरफांच्या तारा चढवून. मी मात्र हिच्यावर सहाच तारा ठेवणार. जिथली आहे तिथलं काम तिनं करावं.

१२ नोव्हेंबर

शाळेच्या हॉलमध्ये हौशी स्विंग वाद्यवृंदाची तालीम. सोळा माणसं, गिटारवाला गाव सोडून गेलाय. मला खुर्ची दिली ती ड्रम आणि डबलबेसच्या मधे.

काम सांगायला सोपं. मात्रा चार, प्रत्येक मात्रेवर एक ठोका. डाव्या हातानं दाबायचं, वाजलं की किंचित सैल सोडायचं, म्हणजे स्वर मिटतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला थोडं वजन. सहाही तारा वाजवायच्या नाहीत, मधल्या दोन-तीनच. पहिल्या गाण्याअखेर माझा डावा अंगठा पेटला होता.

काउंट बेसीच्या वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन १९३७ मध्ये आला आणि १९८७ मध्ये मरेपर्यंत तिथंच राहिला. पन्नास वर्षं, हेच चार ठोके. एकट्यानं पुढं येऊन वाजवणं जवळजवळ नाहीच. ध्वनिमुद्रणात त्याची गिटार शोधावी लागते, आणि एकदा सापडली की मग दुसरं काही ऐकू येत नाही. रात्री दोन तास तेच ऐकलं.

२८ नोव्हेंबर

हीटर सुरू झाले. खोलीतली आर्द्रता ३१ टक्क्यांवर आली. लाकूड आक्रसलं तर जुनी चीर पुन्हा उघडेल. पेटीत ओला स्पंज ठेवला, आर्द्रतामापक लावला. सकाळी ४६. बरं वाटलं.

१० डिसेंबर

आज तालमीत चौथ्या गाण्यात तार तुटली, नेमकी मधली. मी थांबले. मला वाटलं होतं, एवढ्या पितळात कुणाला काय कळणार. आठ मात्रांच्या आत ट्रॉम्बोनवाला मागे वळला, मग ड्रमवाली, आणि गाणं डगमगत थांबलं. कुणी रागावलं नाही. "काय झालं, एकदम जमीन सरकली," एवढंच बेसवाला म्हणाला.

सुटी तार जवळ नव्हती. उरलेली तालीम दोनच तारांवर वाजवली. भागलं.

११ डिसेंबर

कालच्या तालमीचं रेकॉर्डिंग आईला पाठवलं. तिनं दोनदा ऐकलं.
"यात तू कुठली?"
"मागे टक् टक् वाजतंय बघ, सारखं."
बराच वेळ ती काही बोलली नाही. मिरजेला दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावायला येतात. तरुणपणी आई कितीदा त्यांच्यामागे तंबोरा घेऊन बसली आहे. फोटोंत ती कुठंच नाही, गवयाच्या खांद्याआड तंबोऱ्याचा माथा तेवढा दिसतो.
"तंबोऱ्याला बसवलंय तुला तर," ती म्हणाली. मग लगेच, "आणि तार तुटली म्हणून थांबलीस होय गं? थांबायचं नसतं. उरलेल्या तारांवर चालू ठेवायचं, गवयाला कळूही द्यायचं नाही."

संध्याकाळी कारागिराकडून तारांचे तीन संच आणले. एक पेटीत, एक ऑफिसच्या पिशवीत.