चहाच्या सुट्टीतल्या सूचना

एडिनबरात आमचा फिडलचा, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनचा, वर्ग आठवड्यातून एकदा संध्याकाळी एका शाळेत भरतो. मधे चहाची सुट्टी होते आणि त्या सुट्टीत सूचना वाचून दाखवतात. गेली काही वर्षं हे काम माझ्याकडे आहे. त्याचा वादनाशी काही संबंध नाही. किटलीच्या आणि गप्पांच्या वर माझा आवाज जातो, एवढीच माझी पात्रता.

सूचना तऱ्हेतऱ्हेच्या असतात. कुणाला जुनी फिडल विकायची असते. नाचाच्या कार्यक्रमाला, म्हणजे इथल्या केलीला, ऐनवेळी अकॉर्डियनवाला हवा असतो. लीथच्या पबात नवशिक्यांसाठी स्लो सेशन सुरू होणार असतं, तिथे सगळे मिळून ट्यून संथ लयीत वाजवतात म्हणजे कुणी मागे राहत नाही. जानेवारी जवळ आला की कागद वाढतात, कारण त्या महिन्यात ग्लासगोत सेल्टिक कनेक्शन्स हा मोठा महोत्सव असतो. १९९४ पासून तो भरतोय. मग कुणाला जास्तीची तिकिटं द्यायची असतात, तर कुणी तिथे रात्रीपुरता सोफा शोधत असतं. बीबीसी रेडिओ स्कॉटलंडच्या तरुण पारंपरिक वादकांच्या स्पर्धेचीही सूचना येते. ही स्पर्धा २००१ मध्ये सुरू झाली, आणि तिची अंतिम फेरी गाठली तरी त्या मुलाचं नाव देशभर होतं.

माझ्याआधी सूचना वाचायचं काम एका निवृत्त पोस्टमनकडे होतं. ते अकॉर्डियन वाजवायचे, पण फिडलवाल्यांची संगत आवडते म्हणून आमच्यात येऊन बसायचे. ते सगळे कागद भराभर वाचून टाकत. खरं काम त्यानंतर सुरू होई. एकेक कागद घेऊन ते एकेका माणसाकडे जात आणि तो त्याच्या बशीखाली सरकवत. मी एकदा विचारलं, "सगळ्यांना सांगून झालं की, मग आता हे कशाला?" ते म्हणाले, "अगं, पाकिटावर नाव नसेल तर मी ते कुणाच्या दारात टाकू?"

आमच्यात तेव्हा नर्सिंग शिकणारी एक मुलगी होती. हात सुरेख, पण बसायची कायम मागच्या रांगेत. पोस्टमननी तिच्या बशीखाली डॅनी काइल ओपन स्टेजचा कागद ठेवला. पेझलीचा लोकगायक डॅनी काइल १९९८ मध्ये गेला. सेल्टिक कनेक्शन्समधला नवोदितांचा हा मंच त्याच्या नावाने चालतो. तिने कागद घडी घालून फिडलच्या पेटीत टाकला. पुढच्या आठवड्यात पोस्टमननी विचारलं, "फॉर्म भरलास?" नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी पेन पुढे करून म्हणाले, "भर, मी चहा आणतो." तिने गिटार वाजवणाऱ्या मैत्रिणीचं नाव घालून अर्ज पाठवला.

जानेवारीत तिला ऐकायला आम्ही झुंडीने ग्लासगोला गेलो. तिने सुरुवात स्ट्रॅथस्पेने केली. या प्रकारात आखूड सुरामागोमाग लांब सूर येतो, त्याला इथे स्नॅप म्हणतात, आणि त्यासाठी गजाला झटका द्यावा लागतो. हात थरथरत असेल तर तो पहिल्यांदा तिथेच कळतो, आणि तिचा कळला. स्ट्रॅथस्पेचा शेवटचा फेरा घेऊन ती रीलवर गेली, लय दौडू लागली आणि तिचा खांदा सैल सुटला. तिसऱ्या फेऱ्याला मागच्या खुर्च्यांवरून पाय आपटल्याचा आवाज यायला लागला. विजेत्यांत तिची निवड झाली नाही. पण श्रोत्यांत एक केली बँडवाला बसला होता, त्याने नंतर तिचा नंबर घेतला. आता ती सुट्टीत गेलिक भागातल्या फेशमध्ये मुलांना शिकवायला जाते. फेश म्हणजे मुलांना त्यांच्याच गावात गाणं, वाद्यं आणि गेलिक भाषा शिकवायचा उत्सव. पहिला फेश १९८१ मध्ये बॅरा बेटावर झाला, आणि तिथून ही पद्धत गावोगाव पसरली.

इथे येण्याआधी मी पुण्यात हिंदुस्थानी व्हायोलिन शिकले, मांडी घालून, वाद्याचं डोकं पायावर टेकवून. इथे खुर्चीत बसून हनुवटीखाली धरताना मान आखडली, पण कानाने उचलायची सवय जशीच्या तशी कामी आली. नोटेशनला इथली मंडळी 'डॉट्स' म्हणतात आणि सेशनमध्ये कुणी ते समोर ठेवलेले फारसे रुचत नाहीत. आणखी एक गोष्ट ओळखीची वाटली. आपल्याकडे गवई सांगतो की ही चीज मला अमक्या बुवांकडून मिळाली. इथेही ट्यून वाजवायच्या आधी ती कुणाकडून घेतली हे आवर्जून सांगतात.

संधीही इथे अशाच माणसाकडून माणसाकडे जातात. एडिनबरा विद्यापीठात १९५१ मध्ये स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज सुरू झालं. तिथले हॅमिश हेंडरसन लोकगीतं टिपायला टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव हिंडत. १९५३ मध्ये ॲबरडीनला लोकांकडून नाव ऐकून ते जीनी रॉबर्टसनच्या दाराशी जाऊन उभे राहिले. तोवर तिला तिच्या भागाबाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं. पुढे ती स्कॉटिश बॅलडची थोर गायिका म्हणून गाजली, १९६८ मध्ये तिला एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला. तिने कुठे अर्ज केला नव्हता.

पैसा मात्र अर्जानेच मिळतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कलांना निधी देणाऱ्या क्रिएटिव्ह स्कॉटलंड या संस्थेने जाहीर केलं की सरकारकडून पैशाची खात्री मिळत नसल्याने कलाकारांना व्यक्तिशः दिला जाणारा खुला निधी महिनाअखेर बंद होईल. अल्बमचं रेकॉर्डिंग, नव्या रचना, छोटा दौरा, सगळ्याची भिस्त त्यावर. आम्हाला ते सँडी बेल्स पबात कळलं. हेंडरसन याच पबात बसायचे, सेशन आजही चालतं. दोन सेटच्या मधे कुणीतरी फोनवर बातमी वाचली आणि पुढची ट्यून कुणी सुरूच करेना. मुदत संपायला पंधरवडाही नव्हता. पोस्टमननी घरी जाऊन डायरी काढली आणि अर्ज अर्धवट टाकलेल्या एकेकाला फोन लावला. सप्टेंबरात सरकारने पैसे सोडले, निधी पुन्हा उघडला. पण त्या पंधरवड्यात घाईघाईने पूर्ण झालेले काही अर्ज एरवी पेटीतच पडून राहिले असते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

आता पोस्टमनचे गुडघे त्यांना जिना चढू देत नाहीत, म्हणून सूचना मी वाचते. कागद हातात आला की आधी बघते, हा कुणाचा. या आठवड्यात केली बँडला फिडल हवी आहे, शनिवारी, पर्थला, येण्याजाण्याचं भाडं देतील. मागच्या रांगेत एक नवा मुलगा येऊन बसतोय. त्याला गाडी चालवता येते का, हे आधी विचारायला हवं.