राजगड, वय वर्षे 12 खालील

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र पोचलं. यंदा मेलबर्नच्या अंगणात नातवाकडून दिवाळीचा किल्ला करून घ्यायचा म्हणतेस आणि 'भाऊजींना नीट विचारून कळव' अशी वर तंबी देतेस. अगं, ह्यांना काहीही विचारायचं नाही, सुरुवात तिथून करायची!

आमच्याकडचा तमाशा ऐक. सहामाही संपली तशी दोन्ही नातवंडं सोसायटीच्या कोपऱ्यात विटा रचायला बसली. धाकट्याच्या किल्ल्यावर पोहायचा तलाव होता आणि पहाऱ्याला डायनासोर. थोरलीनं महादरवाजातच पाणीपुरीची गाडी लावली होती. ह्यांनी ते गॅलरीतून पाहिलं आणि गोनीदांची 'दुर्गभ्रमणगाथा' बगलेत मारून खाली उतरले. करायचाच तर राजगड करू म्हणाले!

मग काय, मध्ये बालेकिल्ला, भोवती सुवेळा, संजीवनी आणि पद्मावती अशा तीन माच्या. उंचीचं प्रमाण चुकू नये म्हणून फूटपट्टी आली. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी दाखवायलाच हवी म्हणून एकदा केलेली भिंत पाडली. शिवकाळात पाणीपुरी नव्हती या मुद्द्यावर गाडी गेली. डायनासोरबद्दल तर चर्चाच झाली नाही. मुलांकडे उरलं काय, तर घमेल्यानं माती आणणं.

पोरं कंटाळलेली दिसताच ह्यांनी बुरुजामागे दहा रुपये जाहीर केले. थोड्या वेळानं धाकटा विचारतो, "आजोबा, पायऱ्यांचे किती?" पायऱ्यांचा दर ठरला नव्हता, त्यामुळे पायऱ्या झाल्याच नाहीत. सून म्हणाली, यावर जुना प्रयोग आहे. स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना काही न सांगता अचानक प्रशस्तिपत्र दिलं, त्यांची आवड मात्र तशीच राहिली. हे छापून आलं 1973 साली, म्हणजे आपण शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या प्रमाणपत्रांमागे धावून झाल्यावर! ह्यांनी ऐकून घेतलं आणि दर पंधरा केला.

ह्यांचं गडांचं वेड मला आवडतं, बरं का. रात्री अंथरुणात चिलखती बुरुजाची गोष्ट सांगतात तेव्हा पोरं हलत नाहीत. पण मुलांचे हात चिखलात असताना त्यांच्या डोक्यात आधीच एक गड उभा असतो. तिथे आपला खरा गड आणून ठेवला की त्यांचा खोटा ठरतो. खोटा ठरलेला गड कोण बांधत बसेल?

शेवटी पोरं सायकली घेऊन पसार झाली. ह्यांच्या मदतीला बी विंगमधले दोन सेवानिवृत्त इंजिनिअर आले. तिघांनी मिळून असा राजगड उभारला की सोसायटीच्या स्पर्धेत 'वय वर्षे 12 खालील' गटात दुसरा क्रमांक! बक्षीस घ्यायला नाव पुकारलं, तर धाकटा जागचा हलेना. माइकपाशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तो आजोबांचा आहे, त्यांना द्या." हे गेले. कंपासपेटी घेऊन आले आणि वर म्हणतात कसे, परीक्षकांना संजीवनी माची कळलीच नाही, नाहीतर पहिला होता!

तर तुझं काम सोपं आहे. विटा किंवा खोकी रचायची, वर जुनं पोतं पसरायचं, त्यावर चिखल लिंपायचा. अळीव ओल्या मातीवर आधीच पेर, चार-पाच दिवसांत हिरवं होतं. बाकी नातवाला करू दे. त्यानं कांगारू बसवला तर बसू दे. मावळे आणि सिंहासनावरचे महाराज इथल्या कुंभारवाड्यातून घेऊन कापसात गुंडाळून पाठवते. मातीची चित्रं तिकडच्या कस्टमवाल्यांना चालतात का, तेवढं आधी विचारून कळव.

तुझीच,
मी

ता. क. हे तुला राजगडाचा नकाशा पाठवणार आहेत. पाकीट उघडू नकोस.