बारशाच्या आधी

काहींना रेल्वेचे वेळापत्रक वाचायला आवडते, काहींना जुन्या लग्नपत्रिका. मला पेटंटे वाचायला आवडतात. सरकारी मराठीत त्यांना 'एकस्व' म्हणतात, पण तो शब्द घरात कोणी उच्चारलेला मी अजून ऐकलेला नाही. नोकरीची सारी वर्षे मी हेच केले. एखादा कारखाना नवी वस्तू करायला निघाला, की ती आधी कोणी केली आहे का, हे जगभरची पेटंटे आणि शास्त्रीय नियतकालिके धुंडाळून सांगायचे. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. दुपारी घर डुलकी घेते तेव्हा मी एखादे पेटंट उघडून बसते. आमच्या धाकट्या जाऊबाई म्हणतात, "काय वाचता हो वहिनी त्यात एवढं? ना गोष्ट, ना गाणं!"

गोष्ट असते. फक्त सांगणाऱ्याला ती धड सांगायची नसते. पेटंट म्हणजे सरकारशी केलेला सौदा. आपली युक्ती जगापुढे उघड करायची आणि त्या बदल्यात वीस वर्षे ती दुसऱ्याने वापरू नये असा हक्क मिळवायचा. सांगावे तर शेजारी शहाणा होतो, न सांगावे तर हक्क मिळत नाही. म्हणून पेटंट लिहिणारा वकील झाऱ्याला झारा म्हणत नाही. तो लिहितो, 'तप्त द्रवातून घन पदार्थ विलग करण्याचे छिद्रयुक्त साधन'. उद्या कोणी चाळणीने चकल्या काढल्या, तरी ती चाळणीही त्याच्याच कुंपणात यावी! शास्त्रज्ञाचे याच्या उलट. त्याला कुंपण नको असते, नाव हवे असते. म्हणून एखाद्या शोधाचा माग काढायचा तर दोघांचेही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात.

गेल्या वर्षी माझा भाचा काही दिवस राहायला आला होता. रसायनशास्त्रात संशोधन करतो. त्याला कार्बनच्या नॅनोनळ्यांचा इतिहास लिहायचा होता. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपला एक केस सुमारे ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना करावी. कार्बनच्या अणूंची एक जाळी घ्यावी आणि चटईसारखी गुंडाळावी, की झाली नळी. वजनाच्या मानाने ती पोलादाहून कितीतरी बळकट असते.

"सोपं आहे गं आत्या," भाचा म्हणाला. "एक शब्द टाकला की यंत्र सगळं समोर आणून ठेवतं."

"टाक तर खरं," मी म्हटले.

त्याने नुसते 'नॅनो' टाकले. कागदांचा पूर आला. त्यात वेळ मोजणारे नॅनोसेकंद होते, वजन मोजणारे नॅनोग्रॅम होते, आणि चक्क सोडियम नायट्रेट होते. त्या क्षाराचे सूत्र इंग्रजी अक्षरांत लिहिले की पहिली चार अक्षरे 'नॅनो' अशीच वाचली जातात. बिचाऱ्या यंत्राला काय कळणार? टाटांची नॅनो मोटार तेवढी त्या गर्दीत दिसली नाही, हे नशीब. मग त्याने 'नॅनोट्यूब' हा नेमका शब्द टाकला. पूर ओसरला, पण आता दुसरीच अडचण आली. १९९१ च्या मागे सगळी सामसूम.

जणू त्या वर्षी या नळ्या आकाशातून पडल्या! ग्रंथांतूनही बहुधा असेच सांगतात. जपानमधल्या एन. ई. सी. कंपनीचे शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांनी नोव्हेंबर १९९१ मध्ये 'नेचर' या साप्ताहिकात निबंध लिहिला आणि जगाला नॅनोनळ्या ठाऊक झाल्या. पण गंमत अशी, की खुद्द त्या निबंधाच्या मथळ्यात 'नॅनो' हा शब्दच नाही. तिथे 'मायक्रोट्यूब्यूल' आहे, म्हणजे सूक्ष्मनलिका. नुसत्या मथळ्यांतून शोधणाऱ्याच्या हातून बाळाची आईच निसटायची.

मग मी माझ्या जुन्या पद्धतीने शोधायला बसले. नाव सोडून द्यायचे आणि वस्तूचे वर्णन घ्यायचे. कार्बनची, पोकळ, इतक्या इतक्या व्यासाची. तसे शोधले की मे १९८७ मध्ये मंजूर झालेले एक अमेरिकन पेटंट पुढे येते. हॉवर्ड टेनंट यांनी हायपीरियन नावाच्या कंपनीसाठी १९८४ च्या अखेरीस अर्ज केला होता. त्यात वस्तूचे नाव आहे 'कार्बन फायब्रिल', म्हणजे कार्बनचे तंतू. व्यास दिला आहे साडेतीन ते सत्तर नॅनोमीटर. हीच ती वस्तू, चार वर्षे आधीची, वेगळ्या नावाने कुंपण घालून ठेवलेली.

आणखी मागे जावे तर १९५२ साली येऊन आपण थबकतो. रादुश्केविच आणि लुक्यानोविच या दोन सोव्हिएत शास्त्रज्ञांनी त्या वर्षी आपल्या देशातल्या भौतिक रसायनाच्या नियतकालिकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेली छायाचित्रे छापली. त्यांत सुमारे पन्नास नॅनोमीटर व्यासाच्या कार्बनच्या पोकळ नळ्या स्पष्ट दिसतात. निबंध रशियन भाषेत, काळ शीतयुद्धाचा. पाश्चात्त्य देशांत तो फारसा कोणी उघडला नाही. २००६ साली 'कार्बन' या नियतकालिकात माँतिऊ आणि कुझ्नेत्सोव्ह या संशोधकांनी, या शोधाचे श्रेय नेमके द्यायचे कोणाला, असा सरळ प्रश्न विचारला तेव्हा त्या चित्रांची पुन्हा चर्चा झाली.

भाचा त्या चित्रांकडे बराच वेळ बघत राहिला. "म्हणजे इजिमांनी काहीच केलं नाही?" त्याने विचारले.

केले की! नळीच्या भिंती एकात एक कशा बसल्या आहेत आणि जाळी पिळासारखी कशी वळली आहे, हे त्यांनी नीट उलगडून दाखवले. शिवाय १९८५ साली साठ कार्बन अणूंचा चेंडूसारखा रेणू सापडला होता, त्यामुळे लोकांचे कान टवकारलेले होते. बोलणारा आणि ऐकणारे एकाच वेळी तयार होते. १९५२ साली बोलणारे होते, ऐकणारे नव्हते. कोणाचे श्रेय लहान करायला मी हे सांगत नाही. पण त्या दोन रशियन माणसांची छायाचित्रे पाहिली की मला चुटपुट लागते.

पुढे 'नॅनो' या नावाला फार भाव आला. २००० साली अमेरिकेने त्यासाठी राष्ट्रीय योजना जाहीर केली. आपल्या सरकारने २००७ मध्ये नॅनो मिशन सुरू केले. पैसा नावामागे आला, तशी माणसेही नावामागे आली. काल ज्याला साधी भुकटी म्हणत होते ती आज नॅनोभुकटी झाली. मग पेटंट कचेऱ्यांनाही निवड करणे भाग पडले. अमेरिकेने २००४ साली या विषयासाठी ९७७ क्रमांकाचा वर्ग काढला. युरोपच्या कचेरीने तर जाणकार तपासनीस बसवून मागच्या हजारो कागदांवर खुणा करवल्या. बाळे वाढून मोठी झाली, आणि मग त्यांची बारशी!

हे सारे दूरच्या लोकांचे लेखेजोखे आहेत, आपल्याला काय त्याचे, असे कोणाला वाटेल. त्यांनी दिवाळीच्या पहाटे लावायच्या उटण्यातली हळद आठवावी. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली मिसिसिपीच्या दोन संशोधकांना मिळाले होते. आपल्याकडे प्रत्येक आजीला हे ठाऊक होते, पण आजीचे ज्ञान कचेरीत चालत नाही, कागद लागतो. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, आपल्या गोव्याच्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, बत्तीस दाखले गोळा करून पाठवले. त्यांत जुने ग्रंथ होते आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला एक निबंधही होता. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

एकाच्या पाठोपाठ एक वर्षी छापलेले हे दोन निबंध. एक हाती लागला आणि हळद परत आली. दुसरा कोणी उघडला नाही आणि दोन माणसांचे नाव पन्नास वर्षे अंधारात राहिले. छापणाऱ्यांनी आपले काम दोन्ही वेळा चोख केले होते. फरक पडला तो शोधायला बसणाऱ्याने.

म्हणून जाऊबाई हसल्या तरी मी दुपारी कागद उघडते. रशियनमधला, जपानीमधला, कधी आपल्याकडच्या एखाद्या महाविद्यालयाच्या वार्षिकातलाही. या क्षणीही कुठल्या तरी फाइलीत अशी एखादी वस्तू पडून असेल, जिचे वर्णन तेवढे कोणी मन लावून लिहून ठेवले आहे, आणि जिला काय म्हणायचे हे अजून ठरायचे आहे.