पाण्याचे माप

आपल्या निवासी शाळेतून शिकून आज एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात नोकरी करणारा माजी विद्यार्थी काही वर्षांपूर्वी विश्रांतवाडीतील माझ्या घरी आला. येताना त्याने पेढ्यांऐवजी एक छोटी कुंडी आणली होती. "सर, हे फ्रेंच टॅरागॉन. पान चुरडून पाहा." बडीशेपेसारखा गोडसर सुगंध दरवळला. ही वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातील. तिला रुजणारे बी सहसा धरत नाही. फांदी लावून किंवा मुळे विभागूनच ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

गच्चीवरील कुंड्यांचा कारभार माझ्या आईकडे होता. सकाळ-संध्याकाळ ती प्रत्येक कुंडीत तांब्याभर पाणी घाली. पावसाळ्यातही तिचा नेम चुकला नाही. ऑगस्टमध्ये टॅरागॉन पिवळे पडले. उपटून पाहिले, तर मुळे काळी पडून कुजली होती. "आई, किती पाणी घालतेस!" असे मी चिडून बोललो.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाळा, गावच्या विहिरीवर आम्हाला चढू देत नव्हते. कुणी वरून ओतील तेव्हा घागर भरायची. तोवर उन्हात उभं राहायचं. आता नळ आपल्या घरात आहे. झाडाला मी नाही कसं म्हणू?"

मी इतिहासाचा शिक्षक. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. परंतु विहिरीपाशी ताटकळणारी ती मुलगी माझ्याच घरात वावरत होती आणि मी तिला कधी काही विचारलेच नव्हते. त्या दिवशी मी तिची क्षमा मागितली.

पुढे त्याच विद्यार्थ्याने मेक्सिकन टॅरागॉनची फांदी आणून दिली. ही झेंडूच्या कुळातील वनस्पती. सुगंध तसाच, पण पुण्याचा उन्हाळा सोसणारी. आम्ही मातीत वाळू मिसळली, कुंडीच्या तळाशी खापरीचे तुकडे घातले, सकाळचे ऊन मिळेल अशी जागा निवडली आणि पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली घेतली. शेंडे खुडत राहिल्याने झाड दाट झाले. खुडलेली पाने अंड्याच्या पोळीत, वरणात उतरवताना पडू लागली.

आईनेही आपली रीत बदलली. मातीत पेरभर बोट खुपसून पाही. कोरडे लागले तरच पाणी घाली. "तहान लागली की तेच सांगतं," असे म्हणे. मध्यम मार्ग मी वर्गात शिकवीत होतो. तो आचरताना मी तिला पाहिले.

आई आता नाही. तिच्या कुंडीतील फांद्या मी यंदा आपल्या भोजनगृहामागील वाफ्यात लावल्या आहेत. विद्यार्थ्यांनो, त्यांची राखण तुमच्याकडे सोपवतो. पाणी कुणालाही नाकारू नका. मात्र घालण्यापूर्वी माती बोटाने चाचपून पाहा. आणि सुट्टीत घरी जाल तेव्हा आजीला तिच्या गावच्या विहिरीविषयी अवश्य विचारा. जय भीम.